विसरणं म्हणजे वेड नव्हे

परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून कॅन्सरवर उपचार करतंय. गावोगावच्या बाया इथून बऱ्या होऊन घरी जातात. पण केमोनंतर काहींना नावं आठवत नाहीत, बेरीज चुकते, दूध उतू जातं. घरचे म्हणतात, "लक्ष कुठंय?"

बायांनो, हा आळस नव्हे. औषधं, अंगात रक्त कमी असणं, अपुरी झोप, काळजी यांनी असं होतं. बऱ्याच जणींचं हळूहळू सुधारतं. डॉक्टरांना सांगा. वहीत लिहा, दूध ठेवलं की मोबाइलवर गजर लावा, रोज चाला. अचानक भ्रम झाला, हातपाय लुळे पडले, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि गटातल्या अशा मैत्रिणीकडून हिशेबवही काढून घेऊ नका. शेजारी बसा, दोघी मिळून बेरीज करा.