फुल फॉर्म पाठ होते, अर्थ माहीत नव्हता

मी दिल्लीतल्या मुनिरक्यातून बोलतेय. मूळची परभणी जिल्ह्यातली, शिकायला इथे आले. गल्ली अरुंद आहे, त्यामुळे मध्येच भाजीवाल्याची हाक ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आज कॉम्प्युटर आणि इंटरनेटचे चार शब्द समजून घेऊ. ते मला कसे समजले, हे आधी सांगते.

स्पर्धा परीक्षेसाठी शेजारच्या बेर सरायमधून मी जाडजूड पुस्तकं आणली होती. यूआरएल म्हणजे युनिफॉर्म रिसोर्स लोकेटर, ओटीपी म्हणजे वन टाइम पासवर्ड, सगळं तोंडपाठ. त्याच दिवसांत खोली शोधत होते. एका जाहिरातीतला ‘मालक’ म्हणाला, आत यायला गेट पास लागतो, १,५०० रुपये भरा, नंतर परत मिळतील. मी भरले. खोली काही दाखवेना, म्हणून पैसे परत मागितले. त्याने क्यूआर कोड पाठवला. “स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील.” मी पिन टाकला आणि आणखी ६,५०० रुपये गेले. बाबांनी पाठवलेले पैसे होते ते.

तर पहिला शब्द, क्यूआर कोड. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीने तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. ती एक चिठ्ठीच आहे, फक्त अक्षरांऐवजी चौकोनी ठिपक्यांत लिहिलेली. आपल्याला ती वाचता येत नाही, कॅमेऱ्याला येते. पैशाच्या क्यूआरवर लिहिलेलं असतं, पैसे कोणाला द्यायचे. कधी रक्कमही आधीच भरलेली असते.

दुसरा शब्द, यूपीआय पिन. ही तुमची ‘पैसे द्या’ अशी सही आहे. घ्यायला सही लागत नाही. कोणी पैसे देतो म्हणाला आणि पिन टाकायला लावला, की समजा, पैसे तुमचेच जाणार. ओटीपी सुद्धा सहीच, एकदाच चालणारी. कोऱ्या कागदावर सही करून आपण अनोळखी माणसाला देतो का? मग ओटीपी तरी का सांगायचा?

तिसरा शब्द, यूआरएल, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. हा जरा नीट बघू. आपण पाकिटावर कसं लिहितो? मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. लहान आधी, मोठं शेवटी. वेबसाइटच्या नावाचंही तसंच. इथल्या विद्यापीठाचा पत्ता आहे जेएनयू डॉट एसी डॉट इन. शेवटचं ‘इन’ म्हणजे भारत, ‘एसी’ म्हणजे शिक्षणसंस्था, त्यातलं जेएनयू. आता कोणी पाठवलं, ‘जेएनयू डॉट एसी डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’, तर ते कोणाचं? अमुकतमुकचं! नाव ओळखीचं, जिल्हा परका.

म्हणून युक्ती अशी. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा. पुढे पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ती सरकारी जागा, कारण ते नाव फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं.

चौथा शब्द, एचटीटीपीएस. पुष्कळ जण म्हणतात, पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी. नाही हो! पाकीट चिकटवलेलं आहे, वाटेत कोणी वाचणार नाही, एवढंच ते सांगतं. ज्याच्या हातात पाकीट पडणार तो प्रामाणिक आहे की नाही, हे सांगत नाही. भामट्यालाही हे कुलूप फुकट मिळतं.

माझ्या फसवणुकीची गोष्ट मी बाबांना दोन महिने सांगितली नाही. इतकी शिकलेली मुलगी आणि फसली, याची लाज वाटली. तक्रारही उशिरा केली, पैसे मिळाले नाहीत. तुम्ही असं करू नका. पैसे गेले की त्याच क्षणी १९३० वर फोन लावा. ते पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती कमी होते.

शेवटी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मला पण शिकव.” मग रोज रात्री फोनवर एक शब्द.

गेल्या पावसाळ्यात त्यांना मेसेज आला, वीजबिल थकलंय, आज रात्री वीज तोडू, खालच्या लिंकवर भरा. त्यांनी लिंक उघडली नाही. मला फोन केला आणि पत्ता उजवीकडून वाचून दाखवला. म्हणाले, “बाळा, नाव वीज कंपनीचं आहे, पण जिल्हा आपला नाही.”

त्या दिवशी माझे आठ हजार वसूल झाले. आज रात्री तुम्हीही घरी फोन करा आणि यातला एक तरी शब्द समजावून सांगा. फुल फॉर्म नाही सांगितला तरी चालेल. भेटू पुढच्या भागात!