रायपूर ते बंगळुरू : जावे की राहावे?

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या रायपूर येथील मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



१ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा स्थापना दिन. २००० साली याच दिवशी मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाले आणि रायपूर राजधानी बनले. कर्नाटकाचा राज्योत्सवही १ नोव्हेंबरलाच असतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्या राज्याला आजचे रूप मिळाले, आणि २०१४ साली याच तारखेला बंगलोरचे अधिकृत नाव बंगळुरू झाले. एकाच दिवशी दोन्ही राजधान्यांत दिवे लागतात. मात्र आपल्याकडील अनेक मुलामुलींच्या डोळ्यांसमोर त्या दुसऱ्या राजधानीचेच दिवे असतात. पदवी हाती पडली की घरात एकच विषय निघतो : बंगळुरू, हैदराबाद गाठावे की इथेच राहावे?

या विषयावर बोलण्यास मी का तयार झालो, हे आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी बंगळुरूच्या एका कंपनीचे नियुक्तिपत्र घेऊन घरी आला. "सर, जाऊ की नको?" एवढाच त्याचा प्रश्न होता. मी पगाराचा आकडा पाहिला आणि एका शब्दात उत्तर दिले, "जा." त्याच्या वडिलांची दृष्टी अधू झाली होती, आई शिवणकाम करीत होती, धाकटी बहीण बारावीत होती. हे सारे मला ठाऊक होते, तरी मी काही विचारले नाही. पत्रातील परिवीक्षा काळाची अटही मी वाचली नाही. घराची अनामत रक्कम भरण्यासाठी आईने दागिने गहाण ठेवले आणि पाचव्या महिन्यात नोकरी सुटली. पुढे त्याला हैदराबादेत कमी पगाराचे काम मिळाले. तो आज तेथेच आहे आणि दागिने सोडवून झाले आहेत. आपण गेलो ते चुकले, असे तो म्हणत नाही. "सर, तुम्ही मला प्रश्न विचारायला हवे होते," एवढेच तो म्हणाला. ते प्रश्न आज तुमच्यासमोर मांडत आहे.

स्थलांतराचे शास्त्र

स्थलांतराचे नियम शोधण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये केला. बहुसंख्य लोक जवळच्या अंतरावरच स्थलांतर करतात, हे त्यांचे निरीक्षण भारताला आजही लागू पडते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित होते. त्यांपैकी राज्याची सीमा ओलांडणारे जेमतेम साडेपाच कोटी, म्हणजे साधारण १२ टक्के. स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच होते. रोजगारासाठी दूरच्या राज्यात जाणारा तरुण आपल्याला सर्वत्र दिसतो, तरी आकड्यांच्या हिशेबात तो अल्पसंख्य आहे.

एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये मूळ स्थानाचे घटक, गंतव्य स्थानाचे घटक, मधले अडथळे आणि व्यक्तिगत घटक अशी चौकट मांडली. परीक्षेत आपण 'ढकलणारे' आणि 'ओढणारे' घटक लिहून मोकळे होतो व उरलेले दोन विसरतो. प्रत्यक्ष निर्णय मात्र बहुधा त्या दोहोंवरच अडतो. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अनामत रक्कम हा मधला अडथळा होता आणि वडिलांचे डोळे हा व्यक्तिगत घटक.

मायकेल टोडारो यांनी १९६९ मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आणला. माणूस शहरातील प्रत्यक्ष वेतन पाहून निघत नाही, तो अपेक्षित वेतन पाहून निघतो. वेतन गुणिले ते मिळण्याची शक्यता, असे हे सूत्र आहे. समजा, रायपुरात दरमहा २५ हजारांची नोकरी हाती आहे. बंगळुरूत ४५ हजारांची मिळू शकते, पण शक्यता निम्मीच आहे. तर अपेक्षित वेतन साडेबावीस हजार ठरते. म्हणून नियुक्तिपत्र हाती असताना जाणे आणि 'तिथे गेल्यावर पाहू' म्हणत जाणे, हे दोन सर्वस्वी वेगळे निर्णय आहेत.

पगार आणि शिल्लक

आता नियुक्तिपत्र हाती आहे असे धरू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, आपापले आकडे आपण घालावेत. ४५ हजारांतून घरभाडे १४ हजार, जेवणखाण ८ हजार, रोजचा प्रवास ३ हजार आणि गावी जाण्यायेण्यासाठी दरमहा बाजूला ठेवायचे २ हजार वजा केल्यास १८ हजार उरतात. रायपुरात २५ हजारांतून घरी दिलेले ८ हजार व प्रवासाचे २ हजार वजा जाता १५ हजार उरतात. कागदावर फरक २० हजारांचा होता, तो हातात ३ हजारांचाच राहिला.

बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची रीत रूढ झालेली आहे. आपल्या उदाहरणात ही रक्कम १ लाख ४० हजार होते. ती परत मिळायची असली तरी आधी उभी करावीच लागते. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली आहे. परंतु तो राज्यांसाठी नमुना आहे, आपोआप लागू होणारा कायदा नाही, हा फरक लक्षात ठेवावा.

यावरून जाऊच नये असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हा हिशेब पहिल्या वर्षाचा आहे. भारतीय विज्ञान संस्था १९०९ पासून बंगळुरूत आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट १९४० मध्ये आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये तेथे आले, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आले. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिसही १९८३ मध्ये तेथेच गेली. अशा शहरात एक नोकरी सुटली तर दुसरी शोधता येते, आणि कामाबरोबर शिकण्याची संधी मिळते. पाचव्या व दहाव्या वर्षी पगार कुठे असेल आणि आपल्याला काय येत असेल, याचा अंदाजही त्याच कागदावर मांडला पाहिजे. ज्या कामात शिकण्यासारखे काही नाही, त्यासाठी हजार किलोमीटर जाण्यात हशील नाही.

राज्यघटना काय देते?

अनुच्छेद १९(१)(घ) व (ङ) प्रत्येक नागरिकाला देशभर संचार करण्याचे आणि कोठेही वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य देतात. अनुच्छेद १६(२) नुसार सरकारी नोकरीत केवळ जन्मस्थान वा निवासाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. निवासाची अट घालायची तर अनुच्छेद १६(३) प्रमाणे तो अधिकार संसदेचा आहे. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा ठेवण्याचे प्रयत्न अलीकडे अनेक राज्यांत झाले. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवला. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये असेच विधेयक मंजूर केले आणि टीका होताच ते स्थगित ठेवले. बाहेरून जाणाऱ्याने हा प्रवाह ओळखून असावे.

एक बाब मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या अनुच्छेद ३४१ व ३४२ खाली राज्यनिहाय आहेत. स्वेच्छेने दुसऱ्या राज्यात गेलेल्या व्यक्तीला तेथील राज्य सेवांत या आरक्षणाचा लाभ मागता येत नाही. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणापासून २०१८ च्या बीर सिंग प्रकरणापर्यंत सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका राहिली आहे. केंद्रीय सेवांतील हक्क कायम राहतो. २०११ मध्ये छत्तीसगडच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३०.६ टक्के होते. तेव्हा हा मुद्दा येथील किती घरांना स्पर्श करतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

संगणकासमोर बसणाऱ्या स्थलांतरिताबरोबर बांधकामावर विटा वाहणारा स्थलांतरितही त्याच शहरात असतो. छत्तीसगडमधून 'कमाने-खाने' जाणाऱ्या कुटुंबांची परंपरा जुनी आहे. टाळेबंदीत, १ मे २०२० रोजी, पहिली श्रमिक विशेष गाडी हैदराबादजवळच्या लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे निघाली. परक्या शहरातला आधार किती तकलादू असतो, हे तेव्हा देशाने पाहिले. त्यानंतर २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झाले आणि २०२२ मध्ये 'एक देश, एक शिधापत्रिका' योजना सर्व राज्यांत पोहोचली. नोकरी करणाऱ्या मुलींसाठी 'मिशन शक्ती' अंतर्गत सखी निवास योजना आहे. घराबाहेर पडणाऱ्या मुलींनी व त्यांच्या पालकांनी तिची माहिती जरूर घ्यावी.

शहराची क्षमता

वाढत्या शहराकडे पाहताना पाण्याचा प्रश्न प्रथम विचारावा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि कावेरीचे पाणी जवळपास १०० किलोमीटरवरून वर चढवून तेथे आणावे लागते. २००१ ते २०११ या दशकात या नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ५७ लाखांवरून ८५ लाखांवर गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे तीव्र टंचाई जाणवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन दररोज ७७५ दशलक्ष लिटरची भर पडली. राहण्याची जागा निवडताना भाड्याच्या आधी नळाला पाणी किती वेळ येते, हे विचारावे.

आपले शहरही निर्दोष नाही. खारून नदी आणि गंगरेलचे पाणी आपल्याला आधार देते, पण उरला-सिलतरा पट्ट्यातील कारखान्यांची काजळी आपण छतावर रोज पाहतो. दुसरीकडे विधी विद्यापीठ (२००३), भारतीय व्यवस्थापन संस्था (२०१०), एम्स (२०१२) आणि नवा रायपूर यांमुळे पंचवीस वर्षांपूर्वी नसलेल्या संधी येथे निर्माण झाल्या आहेत. 'येथे काही नाही' हे वाक्य तपासल्याशिवाय उच्चारू नये.

येणाऱ्यांचे शहर

आपण मराठी भाषक रायपुरात कसे आलो? १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीपासून नागपूरकर भोसल्यांचा या प्रदेशाशी संबंध आला. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. सैनिक, कारकून, पुरोहित, शिक्षक अशा नात्यांनी आपले पूर्वज येथे आले आणि राहिले. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा आंध्र, केरळ, तामिळनाडूतून हजारो कुटुंबे आपल्या दारी आली. आज आपली मुले दक्षिणेकडे निघतात, त्या वाटेने त्यांचे आजोबा इकडे आले होते.

या संदर्भात माधवराव सप्रे यांचे स्मरण होते. मराठी मातृभाषेच्या या गृहस्थांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रायपूरचे वामनराव लाखे त्या कामात त्यांच्यासोबत होते. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' सप्रे यांनीच हिंदीत आणले. जेथे राहिले तेथील भाषेची त्यांनी सेवा केली आणि मायबोलीशी नातेही राखले. बंगळुरूला जाणाऱ्याने निदान सहा महिन्यांत कामापुरती कन्नड शिकावी, हैदराबादला जाणाऱ्याने तेलुगू.

निर्णयाची रीत

तेव्हा मित्रहो, कागद घ्या आणि घरातील सर्वांना बसवून ही उत्तरे लिहा. नियुक्तिपत्र हाती आहे का आणि त्यातील अटी वाचल्या आहेत का? खर्च वजा जाता काय उरते? पाच वर्षांत मी काय शिकेन? नोकरी गेल्यास सहा महिने तग धरण्याइतकी पुंजी आहे का? माझ्या मागे घरातील आजारपण कोण पाहील? परत यावेसे वाटले तर कोणती दारे उघडी असतील? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आईवडिलांच्या तोंडून ऐकावीत, त्यांच्या वतीने आपण देऊ नयेत.

जाणारा घरच्यांना सोडून जातो, असा अपराधी भाव नको. राहणाऱ्याच्या अंगात धमक नाही, असा शेराही नको. कोरब्याहून यशवंतपूरला जाणारी वैनगंगा एक्स्प्रेस रायपूरवरून जाते, आणि तीच गाडी परतही येते. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी उत्तर दिले, प्रश्न दिले नाहीत. तुमच्या बाबतीत ती चूक मला करायची नव्हती. निर्णय तुमचा आहे, तो पूर्ण माहितीनिशी घ्या.