ढगाचा माथा आणि घाटातला पाऊस

(विश्रामबाग, सांगली येथे व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



१७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘इन्सॅट-३डीएस’ हा हवामान उपग्रह झेपावला. ‘इन्सॅट-३डीआर’ २०१६ पासून वर आहेच. दोघांची चित्रं आलटून पालटून घेतली, की दर पंधरा मिनिटांनी आपल्या डोक्यावरचे ढग दिसतात. मग सांगलीकर विचारणारच, ‘एवढं दिसतं तर आम्हाला आधी नीट का सांगत नाहीत?’ ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराला धरणांचे विसर्ग, नदीचं पात्र अशी इतरही कारणं असतात. मी आज पावसापुरतंच बोलतो. माझं म्हणणं एवढंच, की चित्र वाचणाऱ्याची नजर आपल्या मुलखाच्या पावसावर तयार झालेली हवी.

अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, चित्रात उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो. माथा जितका उंच तितका थंड, आणि जितका थंड तितका पांढरा. पांढरा ढग म्हणजे जोराचा पाऊस, हा ढोबळ नियम वळवाच्या ढगाला बराचसा लागू पडतो. सह्याद्रीत मात्र तो फसवतो. अरबी समुद्रावरचा दमट वारा घाट चढतो, तेव्हा तयार होणारे पुष्कळ ढग पाच-सहा किलोमीटरच्या वर जात नाहीत. त्यांत बर्फ फारसा बनत नाही. थेंबावर थेंब आदळून मोठे होतात आणि संततधार लागते. चित्रात हे ढग नुसते करडे दिसतात. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची (आयआयटीएम) ढगांवरची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, ती अशाच ढगांचा अभ्यास करते.

असे ढग ओळखायची नजर शिकवायची जागा म्हणजे हवामान विभागाची पुण्यात पाषाणला असलेली प्रशिक्षण संस्था. नव्या उपग्रहाच्या इमेजरला, म्हणजे चित्र घेणाऱ्या उपकरणाला, सहा चॅनेल आहेत; हवेच्या थरांचं तापमान आणि दमटपणा मोजणाऱ्या साउंडरला एकोणीस. इमेजरचे काही चॅनेल एकत्र करून रंगीत चित्र केलं, की दिवसा ढगातले थेंब बारीक की जाड, पाणी की बर्फ, हे ताडता येतं. रंगांचा तक्ता एका दुपारी पाठ होईल. नजर बसायला पावसाळे जातात. म्हणून प्रशिक्षणात घाटातल्या कोयना-नवजाचा एखादा जुना पावसाचा दिवस घ्यावा, चित्रं एकेक करून दाखवावीत आणि पुढचं उघडण्याआधी प्रशिक्षणार्थ्याकडून इशारा लिहून घ्यावा: पिवळा, नारिंगी की लाल. शेवटी पर्जन्यमापकाचे आकडे फळ्यावर मांडावेत.

आता गारपीट. उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तो आपल्याकडे दक्षिणेकडून तिरपा बघतो. त्यामुळे गारांच्या पंधरा किलोमीटर उंच ढगाचा माथा चित्रात सुमारे पाच किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. तासगावच्या द्राक्षबागेवर गारा पडत असतात आणि नकाशावर तो ढग पलीकडच्या शिवारात असतो. अवरक्त चित्राचा एकेक ठिपकाच चार किलोमीटरचा, त्यात ही सरक. तालुक्याचा इशारा देणाऱ्याच्या डोक्यात हा हिशेब पक्का हवा.

आणि चित्र बरोबर वाचलं की चुकलं, हे ठरवायचं कशावर? जमिनीवरच्या नोंदींवर. त्या नोंदी आपणच करू शकतो. बागायतदारांनी आणि शाळांनी पाऊस कधी लागला, कधी थांबला, गारा केवढ्या होत्या, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं आणि हवामान विभागाला कळवावं. चांगला अंदाज हवा असेल, तर एवढं काम आपण अंगावर घेतलंच पाहिजे.