पंपाचे पाणी मोजावे कसे?

पंपाच्या पट्टीवर कुठे लिटर प्रति सेकंद, कुठे लिटर प्रति मिनिट, तर कुठे घनमीटर प्रति तास लिहिलेले असते. गोंधळू नका. सेकंदाला १ लिटर म्हणजे मिनिटाला ६० लिटर, म्हणजेच तासाला ३.६ घनमीटर. कालव्याचा १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर.

मीरा-भाईंदरमधील उत्तनसारख्या समुद्रकाठच्या गावात हा हिशेब अधिक महत्त्वाचा. तेथे विहिरीचा उपसा बेसुमार झाला की खारे पाणी आत शिरते आणि भाजीचा मळा करपतो.

पट्टीवरचा आकडा ठरावीक उंचीसाठीच असतो. प्रत्यक्ष मोजणेच बरे. पाइपाचे तोंड २०० लिटरच्या पिंपात धरा. पिंप ५० सेकंदांत भरले, तर प्रवाह सेकंदाला ४ लिटर, म्हणजे तासाला १४.४ घनमीटर. एका गुंठ्यात ५ सेंटिमीटर उंचीचे पाणी द्यायला सुमारे ५,००० लिटर लागतात, म्हणजे साधारण २१ मिनिटे. पाटात मुरते ते वेगळे. घड्याळ पाहून पंप बंद करावा. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की पंपाचा प्रवाहही घटतो. तेव्हा पिंप पुन्हा भरून पाहा.