असईची लढाई आणि लुईस बेटावरची घरं

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेस शहरातून वायव्येला निघालेला रस्ता डोंगर, तळी आणि ओसाड माळ ओलांडत नव्वद किलोमीटरवरच्या अलापूल बंदरात पोहोचतो. तिथून पुढे बोट. मोटारी आणि मालट्रक पोटात घेऊन ती निघते आणि अडीच-पावणेतीन तासांनी लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावाला लागते. रविवारचा विसावा कसोशीने पाळणारं हे बेट. रविवारची पहिली नियमित बोट या मार्गावर सुटली ती 19 जुलै 2009 रोजी, आणि तीही गावातल्या अनेकांचा विरोध असताना.

या बोटीवर पूर्वजांचं घर शोधायला निघालेली माणसं हमखास भेटतात. 21 एप्रिल 1923 रोजी 'मेटागामा' जहाज स्टॉर्नोवेहून सुमारे तीनशे तरुण माणसं घेऊन कॅनडाला गेलं. त्यांची नातवंडं-पतवंडं आता उलट वाटेने येतात.

जालना जिल्ह्याचा या बेटाशी काय संबंध? आज या बेटाकडे ये-जा करणाऱ्या बोटीचं नाव आहे 'लॉख सीफोर्थ'. हे तिथल्या खाडीचं नाव, आणि बेटाचे जुने मालक असलेले मॅकेन्झी सरदारही सीफोर्थच म्हणवत. त्यांच्यापैकी फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेन्झी याने 1793 मध्ये 78वी हायलँडर पलटण उभी केली आणि तिच्यात लुईसची माणसं भरती केली. 23 सप्टेंबर 1803 रोजी ही पलटण केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ लढत होती.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज नदीपलीकडे पसरली होती. इंग्रज फौजेचा सेनापती आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास उतार नाही. त्याला मात्र पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दिसली. एवढी जवळची गावं असतील तर मधे उतार असणारच, हा त्याचा अंदाज खरा ठरला. तरीही विजय स्वस्त नव्हता. त्याच्या फौजेतले 428 जण ठार झाले, 1,138 जखमी. 74वी हायलँडर पलटण असई गावाच्या तोफांपुढे सापडली आणि निम्म्याहून अधिक माणसं गमावून बसली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. तोफेपाशीच ते कापले गेले. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही जण इंग्रज पुढे सरकताच उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या. या शौर्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत याहून मोठी जागा मिळायला हवी.

लुईसकराला आपला पूर्वज शोधता येतो, कारण पलटणीच्या हजेरी-पगाराच्या याद्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. 1851 मध्ये, लढाईला अठ्ठेचाळीस वर्षं उलटल्यावर, हयात सैनिकांना पदक जाहीर झालं. त्यावर 'असई' कोरलेली पट्टी होती, आणि त्याचीही नोंदवही आहे. कागद संपले की मुखपरंपरा मदतीला येते. याच बेटाच्या हॅरिस भागात नॉर्थटन गावात बिल लॉसन या संशोधकाने अनेक दशकं घरोघरच्या वंशावळी जमवल्या. सगळीकडे मॅकलाउड आणि मॉरिसन, त्यामुळे नुसत्या आडनावावर भागत नाही. कोणता जमिनीचा तुकडा, बापाचं नाव काय, आजाला गाव कोणत्या नावाने हाक मारायचं, हे सगळं लागतं.

असईच्या दुसऱ्या बाजूचं काय? शिंद्यांच्या कवायती पलटणींतले बरेच शिपाई उत्तर हिंदुस्थानातून आलेले. म्हणजे इथे मातीला मिळालेल्यांपैकी कितीतरी जण या गावालाही परकेच होते. रणात पडून राहिलेले मराठी फौजेतले मृत बाराशे असावेत, असा अंदाज खुद्द वेलस्लीने केला. हा आकडा राहिला. पण त्यामागची नावं सामान्य वाचकाला कुठे भेटत नाहीत, आणि ही उणीव फार जिव्हारी लागते.

आपल्याकडे नावं जपण्याची रीत नव्हती, असं मात्र नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं, की तीर्थोपाध्ये वही काढतात आणि खापरपणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, हे वाचून दाखवतात. जालना जिल्ह्याला तर कागदांचं मोल वेगळं सांगायला नको. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत झालेल्या उपोषणाच्या वेळी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधलं निजामकालीन दप्तर कुणबी नोंदींसाठी उघडलं गेलं. कागद निघाले, पण मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली.

राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. भोकरदन-जाफराबादकडच्या महाविद्यालयांनी असा वर्ग आपल्या गावी भरवून घ्यावा. शिकलेल्या मुलांनी आधी आपल्याच घरच्या पेटीतले जमिनीचे कागद बाहेर काढावेत, आणि घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ते वाचावेत.