पावती घ्या, दाद मागा



बाजारात फसवला गेलेला मध्यमवर्गीय माणूस सहसा दोनच गोष्टी करतो. घरी येऊन दुकानदाराला दूषणे देतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातो. ‘चारशे रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?’ असे म्हटले की विषय संपतो. फसवणाऱ्याचा सारा हिशेब याच प्रश्नावर उभा असतो. एकाचे चारशे बुडाले तर ते किरकोळ नुकसान. हजारांचे बुडाले की त्याचा धंदा होतो.

एके काळी हा प्रश्न रास्त होता. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभले, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संज्ञा १९८४ साली मक्तेदारीविरोधी कायद्यात आली. पण दाद मागायची ती दिल्लीतील आयोगाकडे. सांगलीच्या गृहस्थाने सदोष मिक्सरसाठी दिल्ली कशी गाठावी? १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने न्याय जिल्ह्याच्या गावी आणला. त्याची जागा घेणारा २०१९चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्याने अनुचित प्रथांची व्याप्ती बरीच वाढवली. दर्जाविषयी खोटा दावा, कसोटीवर न तपासलेली हमी, फसवी सवलत, बक्षिसांचे आमिष हे सारे तीत येतेच; शिवाय पावती न देणे हीदेखील आता अनुचित प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत असा माल परत घेऊन पैसे देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

आता मार्ग पाहू. प्रथम विक्रेत्याला लेखी तक्रार द्यावी व तिची पोच ठेवावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पुष्कळ तंटे आपसांत मिटतात. तेथे न मिटल्यास आयोगाकडे जावे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो. मात्र घटनेपासून दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही, हेही ध्यानात असावे.

आयोग दोष दूर करण्याचा, माल बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा वा भरपाईचा आदेश देऊ शकतो. ती अनुचित प्रथा बंद करण्यासही फर्मावू शकतो. आदेश मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. फसलेले अनेक असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार दाखल करता येते. वर्ग म्हणून ग्राहकांचे अहित होत असेल, तेथे जुलै २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्वतःहून चौकशी करू शकते. फसव्या जाहिरातीला ते १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.

हे सारे निर्वेध चालते असे मात्र नव्हे. तीन महिन्यांत, आणि माल तपासावा लागल्यास पाच महिन्यांत, निकाल लागावा अशी कायद्याची अपेक्षा. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात. म्हणूनच एकट्यादुकट्या ग्राहकाला साथ हवी. वस्तीतील चार जाणत्यांनी अर्ज लिहून द्यावा, सुनावणीला सोबत जावे, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

शेवटी कायदा कितीही भक्कम असला तरी तक्रारीवाचून तो हलत नाही, आणि पुराव्यावाचून तक्रार टिकत नाही. म्हणून सुरुवात पावतीपासून करावी. चारशे रुपयांची पावती मागणारा ग्राहक आपले पैसे तर राखतोच. त्याच दुकानात पुढे येणाऱ्या दहा जणांचेही राखतो.