करसवलत आणि पाळणाघर

2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. पगारदारांसाठी प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाख. वर्षाला 12 लाख कमावणाऱ्याचे यात 80 हजार वाचले, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांहून थोडे जास्त. दोघंही नोकरी करतात अशा घरात हे पैसे बहुधा पाळणाघराच्या फीकडे वळतात. या फीसाठी वेगळी वजावट नव्या प्रणालीत नाही. ही उणीव भरून निघायलाच हवी.

पाळणाघराआधी येते ती बाळंतपणाची रजा, आणि तिच्याबाबत उद्योगांची बाजूही ऐकायला हवी. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली. कामगार विमा योजनेबाहेरच्या महिलेचा हा पगार मालकच देतो. दहाबारा माणसांच्या वर्कशॉपला हा भार जड जातो आणि मग महिलेला कामावर घेतानाच हात आखडतो. रजा हवीच, खर्चात सरकारनं वाटा उचलावा, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. मोजणीत पुरुषही येतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. जेवणाची सुट्टी त्यातच धरलेली. नेमणुकीच्या वेळी या हक्कांची लेखी माहिती देणंही त्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं. भगिनींनो, तो कागद मागून घ्या.